आकाश बिघडलं ते चार तास

आमच्या ऑफिसात त्यांना कुणी किती वाजले हे विचारत नसे. विचारणारा नवा असे, आणि तो एकदाच विचारत असे.

"दहा वाजून बारा," मनगट डोळ्यांजवळ नेत ते सांगत. "अधिक-उणे एक मिनिट. हे घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढे पळतं. परवा सकाळी रेडिओवर लावलंय, तेव्हा असलं तर पुढेच असणार, मागे नाही. तुला कशासाठी हवेत?"

"चहाला जायचं होतं साहेब."

"मग अधिक-उणे पाचसुद्धा चाललं असतं. आधी सांगायचंस."

पाठीमागे त्यांना सगळे 'अधिक-उणे' म्हणत. बाहेरून येणाऱ्यांना ते आडनावच वाटे. एकदा निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार दारात उभा राहून मोठ्यांदा म्हणाला, "अधिकउणे सायेब हायेत का?" आम्ही माना खाली घातल्या. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "आहेत. दारापासून चार मीटरवर. या."

आमचं ऑफिस म्हणजे नाशकातली एक खासगी मोजणी संस्था. नाव सांगत नाही. पाटी अजून तिथेच आहे आणि मीही अजून तिथेच पगार घेतो. ते सरकारी मोजणीतून निवृत्त होऊन आमच्याकडे तपासनीस म्हणून आले तेव्हा साठीचे होते, मी पस्तिशीचा. आज मी त्यांच्या खुर्चीवर बसतो. खुर्ची बरी आहे, पाठ मात्र दुखते. जे लिहिणार आहे ते मी पंधरा वर्षं कुणालाही बोललो नव्हतो. बायकोलाही हे वाचूनच कळेल.

त्यांचा एकच नियम होता. "चूक किती, ते आधी सांगा. मग माप सांगा." कुठलंही माप चुकीशिवाय पुढे केलं की ते कागद परत करत, भाजीवाल्याकडे किडका दोडका परत करावा तसा. कुणी छाती पुढे काढून "साहेब, चूक शून्य" म्हणालाच, तर चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघत. "शून्य चूक सांगणारा माणूस एक तर देव असतो, नाहीतर लबाड. आणि देव मोजणीला येत नाही."

हा नियम ऑफिसात ठेवला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण ते तो घरीदारी घेऊन फिरत. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील म्हणाले, मुलाची उंची पाच आठ. घरातल्या बायका आत खुणेनं 'चांगली आहे' म्हणत असतानाच हे विचारते झाले, "अधिक-उणे?"

"म्हणजे?"

"बूट घालून की काढून? आणि सकाळची की संध्याकाळची? माणूस संध्याकाळी एक सेंटिमीटर बुटका होतो."

पाहुण्यांना वाटलं, थट्टा आहे. यांनी खिशातून टेप काढली. मुलगा बिचारा भिंतीला टेकून उभा राहिला. पाच सात निघाली. मुलाचे वडील लाल झाले, पण लग्न जमलं, कारण मुलगा नंतर म्हणाला म्हणे, की या घरात निदान काय आहे ते तोंडावर सांगतात. तो जावई दर दिवाळीला पाडव्याच्या ओवाळणीआधी भिंतीशी उभा राहतो. सवयीनं.

नाशिक रोडला त्यांनी फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीची गोष्ट तर आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. पत्रिकेवर पत्ता नव्हता. पत्त्याच्या जागी अक्षांश-रेखांश होते. तेव्हा लोकांच्या फोनमध्ये साप नावाचा खेळ होता, नकाशे नव्हते. नातेवाइकांनी सरळ पानवाल्याला विचारलं आणि वेळेवर पोचले. आम्ही ऑफिसातले सहा जण मात्र अभिमानानं हातातलं उपग्रहांचं यंत्र बघत निघालो आणि बरोब्बर एका तिसऱ्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. तिथे साखरपुडा चालू होता. यजमानांनी आम्हाला वराकडचे समजून बसवलं. दोन पंगती झाल्यावर आमच्यातला एक म्हणाला, "साहेब कुठे दिसत नाहीत रे."

घडलं असं होतं, की छापखान्यातल्या माणसानं दशांशाच्या पुढचे शेवटचे दोन-दोन आकडे उडवले होते. ओळीत मावत नव्हते म्हणाला. आम्ही उशिरा, तोंडाला जिलेबीचा पाक लागलेला, असे त्यांच्या दारात उभे राहिलो तेव्हा साहेबांनी फक्त विचारलं, "किती लांब गेलात?"

"शंभरेक मीटर."

"बरोबर. दोन आकड्यांचे तेवढेच होतात." आणि मग हळहळून, "शेपटाकडचे आकडे शोभेचे असतात असं लोकांना का वाटतं?"

काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, आतून म्हणाल्या, "त्यांना काय विचारता, जेवून आलेत ते बघा आधी."

उपग्रहांवर त्यांचं प्रेम होतं. हा शब्द मी विचार करून वापरतोय. सरकारी नोकरीत त्यांनी अर्धं आयुष्य मोजणीची साखळी ओढली, काट्याकुट्यांतून खुणा शोधल्या, बांधावर दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. मग उतारवयात हे यंत्र हाती आलं. ते म्हणत, "बघ, वरचे लोक दुसरं काही करत नाहीत. फक्त वेळ सांगतात. कुणाचा आवाज किती लांबून आला त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते कळतं. चौघांचा तरी आवाज यायला हवा. गावात चार खरं बोलणारे मिळणं मुश्किल, आकाशात मिळतात." शिवारात यंत्र लावलं की ते टोपी काढत आणि कुणाला बोलू देत नसत. "थांब, येताहेत. चार आले. पाच. सहावा डोंगराआड आहे, लाजतोय." आपल्या देशाचा पहिला असा उपग्रह वर गेला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पुढे आपल्या एका उपग्रहातली घड्याळं बंद पडल्याची बातमी आली, तर तीन दिवस दाढी केली नाही.

आकाश खोटं बोलत नाही, हे त्यांनी एका प्रकरणात आमच्या गळी उतरवलं होतं. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यानं ट्रकांवर नजर ठेवायला उपग्रहाचे डबे बसवले. आठ दिवसांत तो तणतणत आमच्याकडे आला. "तुमचं मशीन फ्रॉड आहे. ट्रक चांदवडच्या पुढे ढाब्यावर दोन दिवस उभा दाखवतंय आणि माल तर इंदूरला उतरला!" साहेब स्वतः त्या ढाब्यावर गेले. डबा ढाब्याच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी होता. ड्रायव्हर जाता-जाता ठेवून जात आणि येता-येता उचलत. साहेब व्यापाऱ्याला म्हणाले, "उपग्रह खरंच बोलला. डबा कुठे आहे ते त्यानं सांगितलं. ट्रक कुठे आहे हे त्याला कुणी विचारलंच नाही. शेठ, वरून चूक येत नाही. चूक खालून जाते."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सुरगाण्याच्या वाटेवर, डोंगरात, एका पाड्यावर आमच्याकडे वनहक्काच्या दाव्यांचं काम आलं. पिढ्यान् पिढ्या जंगलाची जमीन कसणाऱ्यांना ती कायद्यानं त्यांच्या नावावर मिळणार होती. अट एवढीच, की तुकडा मोजून नकाशावर दाखवायचा. एरवी तो नकाशावर असतो कुठे? नागली-वरईची शेतं, तीही उतारावर, फूटपट्टी लावावी अशी एक कड नाही.

साहेबांनी तिथेही आपला नियम चालवला. पहिल्याच दिवशी त्यांनी पाड्यावरच्या प्राथमिक शाळेच्या पायरीवर यंत्र ठेवलं आणि आठ तास तिच्याजवळ बसून राहिले. पायरीची जागा एकदा पक्की झाली. मग रोज काम सुरू करण्याआधी यंत्र त्या पायरीवर ठेवून आकडा घ्यायचा, काम संपल्यावर पुन्हा घ्यायचा. दोन्ही पहिल्या दिवसाशी जुळले, तर मधलं सगळं खरं. "देवळात जाताना पायरीला हात लावतोस ना? तसं." गुरुजी वैतागले, मुलं अंकलिपी सोडून पायरीभोवती जमायची, पण पायरी चुकली नाही.

सगळे तुकडे झाले, एकच राहिला. नदीच्या वरच्या अंगाला, सगळ्यांत लांबचा. जिवलीबाईचा. नवरा गेलेला, दोन लहान मुलं. तिनं आणि तिच्या सासूनं दगड वेचून ती जमीन केली होती. तो तुकडा मोजायच्या आदल्या दिवशी ओढ्यात साहेबांचा पाय मुरगळला. त्याआधीचे दोन दिवस मी दुसऱ्या कामावर होतो. एका पाटाचं काम, जुन्या नकाशांवरचं.

इथे एक सांगायला हवं. यंत्राच्या पोटात एक यादी असते. पृथ्वीचा आकार कोणता धरायचा, ते तिच्यातून निवडायचं. इंग्रजांनी आपल्या देशापुरती एक पृथ्वी ठरवली होती, जुने नकाशे तिच्यावर. उपग्रहांची पृथ्वी वेगळी. फरक जगाच्या हिशेबात काहीच नाही, आपल्या भागात शंभरावर मीटर. पाटाच्या कामासाठी मी जुनी पृथ्वी लावली होती. काम झाल्यावर नवी लावायची राहिली.

चूक म्हणाल तर ही कुणाचीही होते. पायरी त्यासाठीच होती. पायरीवर यंत्र ठेवलं असतं तर ती जागची शंभर मीटर उडालेली दिसली असती, मी कपाळावर हात मारून घेतला असता आणि यादीत बोट फिरवून कामाला लागलो असतो.

"तू एकटा जा," साहेब खाटेवरून म्हणाले. "पायरी विसरू नको. माझ्याही वतीनं लाव."

शाळा टेकडीवर, जिवलीबाईचं शेत खाली. चढ-उतार धरून तासभर. तीनची जीप गेली की पुढची दुसऱ्या दिवशी. आणि संध्याकाळी नाशकात माझ्या मेहुण्याची हळद होती. एवढंच. मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

मी सरळ शेतावर गेलो. जिवलीबाई माझ्यापुढे चालत कोपरा न् कोपरा दाखवत होती. "ह्यो उंबर. ह्यो दगूड. हितून वळायचं." चार तास मोजलं. तिनं तांदळाची भाकर आणि उडदाचं भुजं दिलं, मी खाल्लं. मग जीपमध्ये, गुडघ्यावर तक्ता ठेवून, पायरीचे दोन आकडे मनानं लिहिले. आदल्या दिवसाचे घेतले, शेवटचे आकडे जरा हलवले. अगदी सारखे लिहिले असते तर साहेबांनी पकडलं असतं. त्यांनीच शिकवलं होतं, शून्य चूक म्हणजे लबाडी. म्हणून मी चूक लिहिली. तीन मीटर.

हळदीला वेळेवर पोचलो.

नकाशा तयार झाला. जिवलीबाईचा तुकडा नदीत.

पाय बरा झाल्यावर साहेब वनहक्काच्या समितीपुढे गेले. मी फायली धरून शेजारी. समितीतल्या एका साहेबांनी नकाशा उलटा-सुलटा केला आणि हसायला लागले. "बाई, तुम्ही नदीत शेती करता? काय लावता, खेकडे?" सगळे हसले. जिवलीबाईला कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "नदी खाली हाय ना साहेब. माजं वावर वर हाय. पाय भिजवून मी कदी नांगर धरला नाय. चला दाखवते."

"आमचं यंत्र वरून बघतं, बाई. तुमचं-आमचं बघणं नाही ते," समितीवाले साहेब म्हणाले.

ती आमच्या साहेबांकडे वळली. "तुमी सांगा."

त्यांनी तक्ता पुन्हा वाचला. मी बघत होतो, त्यांचं बोट पायरीच्या दोन आकड्यांवर थांबलं होतं. मग ते हळू, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, माझ्या माणसानं पायरी घेतली आहे. सकाळी आणि दुपारी. चूक तीन मीटर."

मी त्यांचा माणूस होतो. दावा नामंजूर झाला.

पण बाईचं "चला दाखवते" त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. महिन्याभरानं ते एकटे, स्वतःचं यंत्र घेऊन, काठी टेकत गेले. पायरी घेतली, तुकडा मोजला. तुकडा नदीच्या वर निघाला, जिथे होता तिथे. त्यांनी समितीला दुसरा नकाशा दिला. समितीनं विचारलं, "दोन मोजण्या, एक संस्था, दोन ठिकाणं. पहिली का चुकली, त्याचं लेखी कारण द्या. नाहीतर उद्या सगळा तालुका फेरमोजणी मागेल." खरं सांगायचं तर समितीचं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. कारण हवंच.

कारण माझ्याकडे होतं. एका वाक्याचं. मी म्हणालो, "काही समजत नाही साहेब."

आणि मग, ज्यानं आयुष्यभर 'वरून चूक येत नाही' सांगितलं, त्या माणसानं वर चूक शोधायला सुरुवात केली. सकाळी पायरी बरोबर, दुपारी पायरी बरोबर, मधले चार तास जग शंभर मीटर सरकलेलं. म्हणजे त्या चार तासांत आकाश बिघडलं असणार. माझ्यावर संशय घेण्यापेक्षा त्यांना सूर्यावर घेणं सोपं गेलं.

त्यांनी त्या दिवशीचे सूर्यावरचे डाग शोधले. हवेच्या वरच्या थरांचे तक्ते मागवले. वेधशाळेला पत्रं लिहिली. अमेरिकेला लिहिली, मराठी वळणाच्या इंग्रजीत, "रिस्पेक्टेड सर, ऑन दॅट आफ्टरनून व्हॉट वॉज युवर सॅटेलाइट डूइंग?" एकाचं उत्तर आलं, की सर्व उपग्रह त्या दिवशी व्यवस्थित होते. साहेब म्हणाले, "असंच सांगणार. चूक किती ते लिहिलंच नाही." आमच्या ऑफिसात 'ते चार तास' ही म्हण झाली. कुणाचा डबा सांडला, गाडी पंक्चर झाली, की "आकाश बिघडलं असेल." सगळ्यांत मोठ्यांदा मी हसायचो. दुसरं काय करणार?

ते कामातून निवृत्त झाले. वर्षं गेली, पंधराएक. मोजणी कुठल्या कुठे गेली. आता उपग्रहांचा आवाज ताडून बघणारी सरकारी केंद्रं जागोजाग आहेत, काठीवर यंत्र बसवलं की दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. आमची नवी पोरं-पोरी पाच मिनिटांत बांध मोजतात आणि पाच मिनिटं त्याचा फोटो टाकतात. घाटात गाड्या फोनमधल्या बाईच्या सांगण्यावरून शेतात उतरतात, शेतकरी त्यांना ट्रॅक्टरनं ओढून काढतो. जिवलीबाई मात्र सरकारी कागदावर नदीतच होती. कागद नाही म्हणून विहीर मंजूर नाही. विहीर नाही म्हणून दिवाळीनंतर शेत कोरडं, आणि तिची दोन्ही मुलं द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे. मला हे सगळं माहीत होतं. मी विचारून ठेवत असे. विचारणं हीच माझी परतफेड, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला. "ये. तुझी सही हवी आहे."

नाशिक रोडच्या त्या फ्लॅटचं दार काकूंनी उघडलं. "गॅलरीत आहेत. फोनला विचारशील तर मालधक्क्यावर आहेत. हा फोन घेतल्यापासून मी रेल्वेच्या मालधक्क्यावर राहते रे."

साहेब पार वाळले होते. आवाज तोच. हातात फोन, त्यावर निळा ठिपका आणि त्याभोवती फिकट वर्तुळ. "हे वर्तुळ बघितलंस? लोक ठिपका बघतात. वर्तुळ कुणी बघत नाही. ठिपका म्हणतो, तू इथे आहेस. वर्तुळ म्हणतं, नसशीलही, इथवर कुठेही असशील. कबूल करणारं यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं."

मी मान हलवली.

"बस. झालं एकदाचं." त्यांनी एक जाड बाड पुढे ठेवलं. वर सुवाच्य अक्षरात 'त्या चार तासांचा उलगडा'. त्यांनी शेवटी एका उपग्रहावर येऊन बोट ठेवलं होतं. त्याचं घड्याळ त्या दुपारी भरकटलं, असा साठ पानी सिद्धांत. तो साहेब मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवणार होते, आणि त्याची प्रत जोडून समितीला कारण देणार होते. "म्हणजे बाईची फाईल उघडेल. फक्त इथे सही कर. 'प्रत्यक्ष निरीक्षक.' तुझ्याशिवाय कुणी नव्हतंच ना तिथे."

पेन त्यांनीच माझ्या हातात दिलं. मी सही केली असती तर फाईल उघडलीही असती कदाचित. खोट्याच्या किल्लीनं. किंवा ती साठ पानं वाचून कुणीतरी, कुठेतरी, म्हाताऱ्याला हसलं असतं, आणि तेही मी ऐकलं असतं.

"साहेब, पायरी घेतली नव्हती."

"कोणती?"

"त्या दिवशी. सकाळीही नाही, दुपारीही नाही. आकडे मनाचे आहेत. यंत्रावर जुनी पृथ्वी होती, पाटाच्या कामाची."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विसरत असशील. पंधरा वर्षं झाली. सकाळची घेतली असशील. अधिक-उणे?"

ते मला जागा करून देत होते. तेवढी जागा मला पंधरा वर्षं पुरली असती.

"अधिक-उणे काही नाही साहेब."

"शून्य?"

"शून्य."

त्यांनी बाडाचं मागचं कोरं पान उलटलं आणि पेन्सिलीनं गणित मांडलं. "एकशे बारा मीटर. आग्नेयेला." मग जुना नकाशा काढून तेवढं मोजलं आणि बोट नेमकं नदीत पडलं. ते एकदम उठले, गॅलरीच्या कठड्याशी गेले आणि ऊन डोळ्यांवर घेत वर बघत राहिले.

"बिचारे," ते म्हणाले. "बिचारे रे. काय काय लिहिलं मी त्यांच्याबद्दल."

परत वळले तेव्हा चेहरा वेगळा होता. "बाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? मी काय नदीत आहे?"

काकू चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"आणि मी तिला काय म्हणालो होतो?" हे ते मला नाही, स्वतःलाच म्हणाले. "माझ्या माणसानं पायरी घेतली आहे. सगळ्या जगाला अधिक-उणे लावलं मी. तुला लावायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशीच निघायचं म्हणाले. गुडघे जात नाहीत, काकू नको म्हणाल्या, तर म्हणाले, "जाणं साडेतीन तास, अधिक-उणे अर्धा. मरण्याचं तसं काही सांगता येत नाही." ऑफिसचं नवं यंत्र मी घेतलं. मालकांना काही सांगितलं नव्हतं. हे छापून आलं की कळेल.

शाळेला आता स्लॅब आहे, पण पायरी तीच, मधोमध झिजलेली. साहेबांनी टोपी काढली. मी काठी पायरीवर टेकवली, अंक स्थिर झाले. त्यांनी जुन्या वहीशी ताडून बघितले. "आपण अधिक-उणे तीन सांगितली होती. दीडच निघाली." तेवढ्यापुरते ते खूश झाले आणि पायरीवरच बसले. पुढे उतरणं त्यांना जमणार नव्हतं. जिवलीबाईलाच वर बोलावलं.

ती आली. केस पिकलेले, कमरेला विळा. तिनं मला ओळखलं नाही, त्यांना ओळखलं. "हे पायरीवालं साहेब ना?"

मी उभा राहून सांगितलं. जुनी पृथ्वी, नवी पृथ्वी असं काही नाही. एवढंच, की मी त्या दिवशी इथे वर यायचा कंटाळा केला, खोटे आकडे लिहिले, त्यामुळे तुमचं शेत कागदावर नदीत गेलं.

तिनं खाली नदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे नदीत मला तुमी नेलं?"

"हो."

"कशापायी?"

"हळदीला जायचं होतं."

"कोनाच्या?"

"मेहुण्याच्या."

"मंग, बरं चाललंय का त्याचं?" तिनं विचारलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुमी माजी भाकर खाल्ली होती त्या दिशी."

"हो."

साहेब पायरीवरून म्हणाले, "बाई, माझीही चूक आहे. मी बघितलं नाही."

"तुमी मागून आलं होतं ना काठी घेऊन. तुमी बघितलं. कोनी ऐकलं नाय, तो भाग येगळा." ती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. मला कुणी बस म्हणालं नाही.

त्या दिवसासारखाच, गुडघ्यावर ठेवून, मी छापील अर्ज भरला. पहिली मोजणी का चुकली, त्याचं लेखी कारण. एक वाक्य. खाली सही, नाव, हुद्दा. साहेबांनी वाचलं आणि 'यांत्रिक बिघाड' या रकान्यात मी मारलेली रेघ पुन्हा एकदा, जाड मारली.

जिवलीबाईनं कागद हातात घेऊन उलटसुलट केला. "झालं का? आता मी भाइर आले नदीतून?"

"अजून नाही बाई," मी म्हणालो. "अर्ज तालुक्याला जाईल. समिती बसेल. मग वर जाईल. दोन-तीन महिने तरी."

"अधिक-उणे?" साहेबांनी विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं.

जिवलीबाई उठली, विळा कमरेला नीट खोचला आणि उताराला लागली. चार पावलांवर वळून म्हणाली, "बरं. तवर पवत राहते."